वैद्यकीय मानवशास्त्रातल्या पुरस्कारासाठी पेपर पाठवताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

हाताशी उत्तम फील्डवर्क असूनही पेपर मागे पडतो, तेव्हा दोष बहुधा भाषेत नसतो, कामाच्या क्रमात असतो. प्रबंधातलं एक प्रकरण उचलायचं, ‘मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ अशी वाक्यं गाळायची, शब्दमर्यादेत बसेपर्यंत कात्री लावायची आणि मुदतीच्या रात्री पाठवून द्यायचं, असं बहुतेक जण करतात. पाठवण्याआधी वाचून द्या म्हणून असे मसुदे माझ्याकडे दरवर्षी येतात आणि दुखणी तीच असतात. दोन-दोन वर्षं लोकांच्या घरी, दवाखान्यात, रांगेत बसून केलेलं काम केवळ मांडणीच्या घाईत वाया जाताना पाहवत नाही. म्हणून हा क्रम लिहून काढला आहे. मुदतीच्या आधी किमान दहा आठवडे हातात आहेत असं धरलं आहे.

## १. आधी पुरस्कार नीट ओळखा

‘वैद्यकीय मानवशास्त्राचा पुरस्कार’ अशी एकच गोष्ट नाही. अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशनचा एक विभाग असलेल्या सोसायटी फॉर मेडिकल अँथ्रॉपॉलॉजीच्या छत्राखालीच वेगवेगळ्या हेतूंचे पुरस्कार आहेत. चार्ल्स ह्यूज पुरस्कार संशोधक विद्यार्थ्यांच्या पेपरसाठी, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स पुरस्कार पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. स्टीव्हन पोलगर पुरस्कार ‘मेडिकल अँथ्रॉपॉलॉजी क्वार्टर्ली’ या नियतकालिकात छापून आलेल्या लेखाला मिळतो, तर आयलीन बास्कर पुरस्कार लिंगभाव आणि आरोग्य या विषयावरच्या कामाला. याच संस्थेत जागतिक आरोग्याचा चिकित्सक अभ्यास करणाऱ्यांचा एक गट आहे. त्याचे रुडॉल्फ फिर्खो पुरस्कार पदवी विद्यार्थी, संशोधक विद्यार्थी आणि व्यावसायिक अभ्यासक अशा तीन वर्गांत दिले जातात. ब्रिटनमधल्या रॉयल अँथ्रॉपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचं वेलकम पदक हे आणखी वेगळं प्रकरण. तिथे आरोग्याच्या प्रश्नांना मानवशास्त्र लावून पाहणारं काम अपेक्षित असतं.

आता एकच पेपर घ्या, समजा प्रसूतिगृहातल्या परिचारिकांवरचा. बास्कर पुरस्कारासाठी त्यात लिंगभावाचा युक्तिवाद मध्यभागी हवा. फिर्खोसाठी त्याच सामग्रीतून सत्ता, पैसा आणि धोरण यांचा आजाराशी असलेला संबंध दिसायला हवा. ह्यूजसाठी विद्यार्थ्याचा स्वतंत्र, पूर्ण उभा राहिलेला लेख हवा. सामग्री तीच राहते, कणा बदलतो. एकच फाइल तिन्हीकडे पाठवणारा तिन्हीकडे अर्धवट बसतो.

तपासा: गेल्या काही वर्षांतल्या दोन-तीन विजेत्या पेपरांचे गोषवारे वाचा. विषय पाहू नका, युक्तिवाद कुठून कुठे जातो ते पाहा.

## २. सूचनेचा कागद करा

पुरस्काराची या वर्षीची सूचना उघडा आणि तिच्यातली प्रत्येक अट स्वतंत्र ओळीत हातानं उतरवून घ्या. मागच्या वर्षीची सूचना वापरू नका, अटी बदलतात. कागदावर एवढं तरी आलंच पाहिजे:

- कोणत्या वर्गात बसता, आणि ते कोणत्या तारखेला मोजलं जातं. मध्येच पदवी मिळाली तर विद्यार्थी म्हणून पात्रता राहते का?
- पेपर अप्रकाशित हवा की प्रकाशित चालतो? ‘स्वीकारलेला पण छापून यायचा’ असलेला पेपर कुठे मोडतो?
- एकच लेखक हवा की सहलेखक चालतात?
- मर्यादा शब्दांची की पानांची? संदर्भसूची, टिपा, तक्ते त्यात धरायचे की नाही?
- संस्थेचं सदस्यत्व लागतं का?
- लेखकाचं नाव फाइलीत ठेवायचं की काढायचं?
- मार्गदर्शकाचं पत्र किंवा विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो का?
- लेखनात एआय साधनं वापरण्याबद्दल काही नियम आहे का?
- मुदत कोणत्या वेळेप्रमाणे?

एखाद्या अटीचा अर्थ लागत नसेल तर समन्वयकांना दोन ओळींची ईमेल आताच पाठवा. लोक संकोच करतात आणि शेवटच्या दिवशी विचारतात, तेव्हा उत्तर येत नाही.

सावधान: पानमर्यादा ‘दुहेरी ओळअंतर’ गृहीत धरून असेल तर एकेरी अंतरात मजकूर कोंबणं हे नियमभंग ठरतं. परीक्षक पेपर उघडल्याक्षणी ते ओळखतात.

## ३. कोणता पेपर पाठवायचा

ज्या कामावर सगळ्यात जास्त कष्ट गेले तेच पाठवण्याचा मोह होतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. पहिला: या पेपरचा युक्तिवाद प्रबंधाच्या आधाराशिवाय एका दमात सांगता येतो का? दुसरा: सर्वेक्षणातून किंवा सरकारी अहवालातून जे कळलं नसतं असं काही इथे आहे का? दोन्हींना ‘हो’ असेल तो पेपर घ्या, मग तो आकारानं लहान असला तरी चालेल.

सार्वजनिक आरोग्याकडून आलेल्या संशोधकांनी इथे विशेष जपायला हवं. पार्श्वभूमी, पद्धती, निष्कर्ष, चर्चा या साच्यातला पेपर वैद्यकीय नियतकालिकात चालतो. मानवशास्त्राच्या परीक्षकाला तो न शिजवलेल्या सामग्रीसारखा वाटतो. मुलाखतींतून पाच ‘थीम्स’ काढून प्रत्येकीखाली दोन-दोन अवतरणं देणं म्हणजे एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांमध्ये दीर्घकाळ राहून केलेलं लेखन, नव्हे. असा पेपर असेल तर तो दुरुस्त करत बसू नका. फील्ड नोट्सकडे परत जा आणि नव्यानं लिहा, त्याला वेळ कमी लागतो.

## ४. ‘चिकित्सक’ म्हणजे काय, ते आधी पक्कं करा

सगळ्यात जास्त पेपर इथे घसरतात, म्हणून या टप्प्यावर तीन आठवडे द्यायला हरकत नाही.

‘क्रिटिकल’ या शब्दाचं भाषांतर मनातल्या मनात ‘टीकात्मक’ असं होतं आणि मग पेपर टीकेनं भरतो: सरकार दुर्लक्ष करतं, औषध कंपन्या नफेखोर आहेत, दाते आपलाच अजेंडा रेटतात. हे सगळं खरं असू शकतं, पण ते म्हणायला फील्डवर्कची गरज नव्हती. आपल्या भाषेत ‘चिकित्सा’ हा शब्द रोगाला लागतो आणि मतालाही लागतो. वैद्य लक्षण पाहून थांबत नाही, ते कुठून आलं हे शोधत मागे जातो. पेपरनंही तेच करायचं आहे. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४८ मध्ये अप्पर सायलीशियातल्या टायफसच्या साथीची पाहणी केली आणि उपाय म्हणून शिक्षण, रस्ते, करपद्धती आणि लोकशाही सुचवली. त्यांच्या नावाच्या पुरस्काराला अपेक्षित आहे ती तापापासून करापर्यंत जाणारी ही वाट, आणि तिच्यातल्या प्रत्येक पावलाचा पुरावा.

एक कल्पित उदाहरण घेऊन पाहू. क्षयरोगाच्या उपचारकेंद्रात फील्डवर्क झालं आहे.

पहिला मसुदा: ‘गरिबी, कलंक आणि माहितीचा अभाव यांमुळे रुग्ण उपचार अर्धवट सोडतात.’ यात चूक काही नाही, नवीनही काही नाही. शिवाय कर्ता एकटा रुग्णच आहे: सोडतो तो, अज्ञानी तो, लाजतो तो.

दुसरा मसुदा: ‘जागतिक आरोग्य कार्यक्रम रुग्णांना माणूस म्हणून पाहत नाहीत.’ आता रुग्णावरचा ठपका गेला, पण केंद्रात बसून काय पाहिलं हे कुठेच नाही.

तिसरा मसुदा: ‘सलग दोन महिने उपचार खंडित झाले की रुग्णाची नोंद “पाठपुराव्यातून निसटलेला” अशी होते आणि ती केंद्राच्या कामगिरीवर मोजली जाते. ही नोंद वाढू नये म्हणून कर्मचारी कामासाठी फिरतीवर असलेल्या मजुरांचा उपचार सुरू करणंच लांबवतात. उपचार पूर्ण करून घेण्यासाठी केलेलं मोजमाप काहींना उपचाराबाहेर ठेवतं.’

तिसऱ्यात एक यंत्रणा दिसते. कोण काय करतं, का करतं, त्याचा आजारावर काय परिणाम होतो, हे तिन्ही आहे. दोषी म्हणून कर्मचारी उभा राहत नाही, कारण त्याच्यावरचा दाबही वाक्यात आहे. आणि हे केंद्रात महिनोन्‌महिने बसल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

याच उदाहरणातली एक बारीक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये क्षयरोगाच्या व्याख्या सुधारल्या, तेव्हा ‘डिफॉल्टर’ या छापाची परिभाषा सोडून ‘लॉस्ट टू फॉलोअप’ ही संज्ञा घेतली. ‘टीबी सस्पेक्ट’ हा शब्दही गेला. तरी कितीतरी मसुदे ‘डिफॉल्टर’ हा शब्द अवतरणचिन्हांशिवाय, लेखकाचा स्वतःचा असल्यासारखा वापरतात. एकीकडे रुग्णाला दोष देणाऱ्या यंत्रणेची चिकित्सा आणि दुसरीकडे तिचीच भाषा, हे परीक्षकाला लगेच खटकतं. उलट शब्द बदलल्यावर नोंदवहीत आणि कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात नेमकं काय बदललं, हा स्वतंत्र पेपर होऊ शकतो.

आता साखळी मांडा. कोऱ्या कागदावर डावीकडे तुमचा फील्डमधला प्रसंग लिहा, उजवीकडे तुम्ही ज्या मोठ्या शक्तीबद्दल बोलता ती लिहा: निधीची अट, पेटंट, स्थलांतर, कर्ज, जे असेल ते. मधले दुवे भरा. वरच्या उदाहरणात ते असे येतील: मजूर, खिडकीवरचा संवाद, नोंदवही, मासिक अहवाल, जिल्ह्याची आढावा बैठक, निधी देणाऱ्याचं लक्ष्य. प्रत्येक दुव्याखाली तुमच्याकडचा पुरावा लिहा: नोंद, मुलाखत, कागदपत्र, दुसऱ्याचं प्रकाशित संशोधन. ज्या दुव्याखाली जागा रिकामी राहते तिथेच मसुद्यात ‘नवउदारमतवाद’ (सगळं बाजारावर सोपवणारं धोरण) हा शब्द येऊन बसलेला असतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता आधी तो शब्दच शोधतो आणि मग तिथली साखळी तपासतो. रिकामी जागा भरता आली तर भरा, नाही तर दावा तेवढा आखूड करा. बैठकीपर्यंतच पुरावा असेल तर पेपर बैठकीपर्यंतच न्या.

सावधान, संकल्पनांच्या दागिन्यांपासून: ‘संरचनात्मक हिंसा’, म्हणजे समाजाच्या रचनेतूनच माणसांना होणारी इजा, ही संकल्पना योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडली आणि पॉल फार्मर यांनी ती वैद्यकीय मानवशास्त्रात रुजवली. ती वापरायची तर कोणती संरचना, कोणावर, कशी, हे सांगावं लागतं. नुसतं नाव घेतलं की सगळी दुःखं एका पोत्यात जातात. मेरिल सिंगर यांच्या ‘सिंडेमिक’चा गैरवापर तर सर्रास होतो. दोन साथी एकाच वेळी असणं म्हणजे सिंडेमिक नव्हे. प्रतिकूल सामाजिक परिस्थितीत आजार एकमेकांशी गुंतून एकमेकांना बळ देतात, ही गुंतागुंत दाखवता येत असेल तरच तो शब्द घ्या. एका पेपरला एक संकल्पना पुरते. तीन आल्या की एकही काम करत नाही.

## ५. पेपर पुन्हा बांधा

इथे जुनी फाइल बंद ठेवा. नवी फाइल उघडा आणि साखळीच्या क्रमानं लिहा.

सुरुवातीला एक प्रसंग, पण तो युक्तिवादाचं बीज असलेला. रंगीत वर्णन म्हणून दवाखान्याची गर्दी, पंख्याचा आवाज, रडणारं मूल यांनी पान भरू नका. खिडकीवर मजुराला ‘पुढच्या महिन्यात या’ असं सांगितलं जातं, हा प्रसंग पुरे. दुसऱ्या पानाच्या आत दावा स्पष्ट वाक्यात यायला हवा. परीक्षकांपुढे एका वेळी बरेच पेपर असतात. दहाव्या पानावर उलगडणारं रहस्य त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आधीच्या अभ्यासांचा आढावा इथे प्रबंधासारखा देऊ नका. ज्या दोन-तीन अभ्यासकांशी तुमचा खरा संवाद आहे त्यांच्याशीच बोला आणि ते काय सांगतात, त्यात तुम्ही कशाची भर घालता, हे थेट म्हणा.

पद्धतीबद्दलचा परिच्छेद मात्र कधीही कापू नका. किती काळ, कुठे, कोणत्या भाषेत, कोणाच्या ओळखीनं प्रवेश मिळाला, तुम्हाला तिथे कोण समजलं गेलं? डॉक्टर समजून लोक बोलले असतील तर ते वेगळं बोलले असणार, आणि ते सांगणं हा युक्तिवादाचाच भाग आहे. मुलाखती एका भाषेत झाल्या आणि पेपर इंग्रजीत असेल, तर भाषांतर कोणी केलं तेही लिहा. ज्या शब्दावर अर्थ उभा आहे तो मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथेच उलगडून सांगा.

तपासा: विषयाबाहेरच्या एका वाचकाला पहिली तीन पानं द्या. वाचून झाल्यावर पेपर बंद करून दावा तोंडी सांगायला सांगा. त्याला सांगता आला नाही तर समजावत बसू नका, पानं बदला.

## ६. कापणं

शेवटून कापू नका. लोक तेच करतात, त्यामुळे विश्लेषण जातं आणि प्रस्तावना तेवढी जाडजूड राहते. आधी पार्श्वभूमी कापा, मग एकाच मुद्द्याची दुसरी-तिसरी अवतरणं, मग टिपा. प्रत्येक अवतरणानंतर तुमची किमान दोन वाक्यं आहेत का पाहा. नसतील तर एक तर लिहा, नाही तर अवतरण काढा.

संदर्भांची शैली सूचनेप्रमाणे. अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशन २०१५ पासून शिकागो पद्धत वापरते, तेव्हा शैली सांगितलेली नसेल तर लेखक-वर्ष स्वरूपातली शिकागो सुरक्षित.

## ७. ओळख लपवणं: दोन वेगळी कामं

पहिलं काम माहिती देणाऱ्यांसाठी, आणि ते जास्त महत्त्वाचं. नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका. केंद्रात एकच प्रयोगशाळा तंत्रज्ञ असेल तर ‘एक तंत्रज्ञ म्हणाला’ यातच त्याची ओळख आहे. वय, पद, आजार आणि गाव एकत्र आले की अनोळखी माणूस राहत नाही. पुरस्कार मिळालेला पेपर जास्त वाचला जातो, तो त्या कार्यक्रमाच्या वरिष्ठांपर्यंतही जातो. ज्या कर्मचाऱ्यानं विश्वासानं नोंदवहीतली खाचखोच सांगितली त्याची नोकरी तुमच्या एका तपशिलावर अवलंबून असू शकते. युक्तिवादाला न लागणारा प्रत्येक तपशील काढा किंवा बदला, आणि बदल केल्याचं पद्धतीच्या परिच्छेदात सांगा. नैतिक समितीची परवानगी प्रबंधापुरती होती की पुढच्या प्रकाशनांनाही लागू आहे, तेही पाहा.

तपासा: त्या केंद्रात काम करणाऱ्याच्या नजरेनं पेपर एकदा वाचा. ‘हा अमुकच’ असं कुठे वाटलं, तर तिथे काम बाकी आहे.

दुसरं काम स्वतःच्या नावाचं, सूचनेत तसं सांगितलं असेल तर. ऋणनिर्देश काढा, ‘माझ्या आधीच्या लेखात’ अशी वाक्यं बदला, पानाच्या वरच्या-खालच्या पट्टीतलं नाव काढा. फाइलच्या गुणधर्मांमध्ये लेखकाचं नाव राहतं, ते पुसा. ट्रॅक चेंजेस आणि समासातल्या टिप्पण्या स्वीकारून किंवा नाकारून पूर्ण संपवा. नुसत्या दिसेनाशा केल्या तर दुसऱ्याच्या संगणकावर त्या पुन्हा उघडतात.

## ८. मार्गदर्शक आणि पत्रं

मार्गदर्शकांना मसुदा आठव्या आठवड्यात नाही, पाचव्यातच द्या. सोबत एक प्रश्न द्या: ‘साखळीतला कोणता दुवा कच्चा वाटतो?’ नुसतं ‘कसं वाटलं बघा’ म्हटलं की व्याकरणाच्या दुरुस्त्या परत येतात.

पत्र लागत असेल तर सूचना, गोषवारा आणि मुदत एकाच ईमेलमध्ये पाठवा. सामग्री एखाद्या सामूहिक प्रकल्पातली असेल तर सहकाऱ्यांची संमती लेखी घ्या. फील्डमध्ये मुलाखती घेणारे, भाषांतर करणारे सहाय्यक यांचं श्रेय इथेच ठरवा. एकट्याच्या नावाचा पेपर हवा म्हणून त्यांचं काम अदृश्य करणं, आणि तेही विषमतेवरच्या पेपरमध्ये, हे अजिबात चालण्यासारखं नाही. अट आड येत असेल तर दुसरा पेपर पाठवा.

## ९. पाठवणं

मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवा. त्याआधी या क्रमानं:

१. पीडीएफ करा आणि ती दुसऱ्या संगणकावर किंवा फोनवर उघडा. देवनागरी किंवा उच्चारखुणा असलेली रोमन अक्षरं मोडली आहेत का पाहा.
२. मजकुरातला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का, सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे का, हे हातानं जुळवा.
३. दुसऱ्या टप्प्यातला कागद काढा आणि एकेका अटीवर खूण करा.
४. फाइलचं नाव सूचनेप्रमाणे द्या. ‘फायनल फायनल दोन’ असं नाव पाठवू नका.
५. मुदतीची वेळ तुमच्या वेळेत बदलून लिहा. अमेरिकेतली वेळ हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात एक तासानं सरकते.
६. पोच आली नाही तर दोन कामाच्या दिवसांनी विचारा.

## १०. वाट पाहताना

पेपर दरम्यान नियतकालिकाकडे पाठवायचा असेल तर पुरस्काराच्या अटीत ‘अप्रकाशित’ कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे ते पाहा आणि स्वीकृती आली तर समन्वयकांना लगेच कळवा. असोसिएशनचं वार्षिक संमेलन नोव्हेंबरमध्ये असतं. तिथे जाणं झालं तर पेपरचं दहा मिनिटांचं तोंडी रूप तयार ठेवा. परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर निकाल काहीही लागो, ते मागून घ्या आणि साखळीच्या कागदावर त्या-त्या दुव्याशेजारी उतरवा. पुढची दुरुस्ती तिथूनच सुरू होते.